साखळीतला माझा अर्धा तास

साखळीच्या कागदावर दुपारी तीन ते साडेतीन या वेळेपुढे माझं नाव होतं, आणि त्याच्या बरोब्बर खाली, साडेतीन ते चारला, माझ्या भावाचं. चार वर्षांत आम्हा दोघांची नावं एका कागदावर आली नव्हती. लग्नाच्या पत्रिकेवर नाही, वडिलांच्या पुण्यस्मरणाच्या उपासनेच्या चिठ्ठीवरही नाही. कागद पाहिल्याबरोबर मी तो घेऊन आलेल्या पाळकीणबाईंच्या, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या बायकोच्या, तोंडाकडे पाहिलं. त्या माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या. मुद्दाम केलं असणार, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

आमच्या चर्चची मंडळी लहान आहे, चोवीस-पंचवीस घरांची. कुणी फार आजारी पडलं की आम्ही प्रार्थनेची साखळी धरतो. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत, प्रत्येक घराकडे अर्धा तास. पूर्वी आपली वेळ संपली की माणूस पुढच्याच्या दारावर जाऊन कडी वाजवायचा. आता काही घरं, माझ्या भावासारखी, पार आर्वीपर्यंत पांगली आहेत, म्हणून मिस कॉल देतात. एकदाच वाजू द्यायचा आणि कट करायचा. त्याचा अर्थ, माझं झालं, आता तुमची वेळ. उलटून फोन करायचा नाही, कारण तोवर तुम्ही प्रार्थनेला बसलेलं असायला हवं. म्हणजे शनिवारी दुपारी साडेतीनला माझ्या भावाला फोन लावणं मला भाग होतं, एक रिंग का होईना.

साखळी त्याच्याच मुलीसाठी होती. माझ्या भाचीसाठी. वयाच्या नवव्या वर्षापासून तिला झटके येतात. पहिला झटका माझ्याच घरात आला होता. मी नर्स, घाबरले नाही, तिला कुशीवर वळवलं, तिच्या तोंडात काही घालू दिलं नाही आणि घड्याळ बघत बसले. पुढे गोळ्या सुरू झाल्या आणि झटके जवळजवळ थांबले. आता मात्र एकामागून एक झटके येऊन ती दोन दिवसांपासून मोठ्या दवाखान्याच्या आयसीयूत बेशुद्ध होती.

"कशामुळे झालं?" मी पाळकीणबाईंना विचारलं. त्या नगरकडच्या आहेत, बोलणं स्वच्छ आणि हळू.

"तिनं गोळ्या बंद केल्या होत्या. स्वतःच. नवीन स्थळ आलंय ना, त्या लोकांना गोळ्या दिसू नयेत म्हणून." मग त्या आणखी हळू म्हणाल्या, "मागच्या वेळेसारखं होऊ नये म्हणून."

मागच्या वेळी जे झालं ते मी केलं होतं. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं आणि ते मी मोडलं. हे मी असं सरळ लिहिते, कारण सरळ बोलण्याचा मला फार अभिमान आहे आणि सगळी गोष्ट त्या अभिमानाचीच आहे.

झालं असं की स्थळ पाहिलं, पसंत केलं, साखरपुड्याची तारीख काढली, आणि हे सगळं मला चर्चच्या पायरीवर तिसऱ्याच बाईकडून कळलं. सख्खी मोठी बहीण मी. आई गेल्यावर ज्याच्या शाळेच्या चड्ड्या मी धुतल्या, त्या भावानं मला साधं विचारलंही नाही. मला भयंकर राग आला. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण मला रडू लवकर येत नाही, राग येतो. त्याच आठवड्यात जाम गावच्या चौकात मी गाडीची वाट पाहत उभी होते, तर मुलाची आई भेटली. कुणीतरी ओळख करून दिली. तिनं आपलं रीतीप्रमाणे विचारलं, मुलगी कशी आहे हो तुमची? आणि मी सांगितलं. मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे, स्वयंपाक येतो, आणि तिला फिट्स येतात, गोळ्या चालू आहेत. चहाचा कप हातात होता, तो संपायच्या आत सांगून झालं होतं.

आठ दिवसांत त्यांच्याकडून नकार आला. भाऊ माझ्या दारात आला, उंबरठ्याच्या बाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, "तू सांगतलं?" मी म्हटलं, "हो, सांगतलं. खोटं सांगतलं काय?" तो गेला तो गेलाच.

तेव्हापासून मी तेच एक वाक्य घट्ट धरून बसले होते. खोटं सांगितलं काय? लग्नानंतर कळलं असतं तर त्या लोकांनी पोरीला महिनाभरात परत आणून सोडलं असतं. मी नर्स आहे, अशा परत आलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत. माझं काहीच चुकलं नाही. हे मी मनाशी म्हणायची, शेजारणीला म्हणायची, आणि पाळकसाहेबांनाही म्हटलं.

पाळकसाहेबांची एक रीत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, चर्चमध्ये सगळे एका ताटातली भाकर घेतात, त्याच्या आदल्या आठवड्यात ते घरोघर जाऊन विचारतात, कुणाशी वाकडं आहे का? असेल तर आधी मिटवा, मग भाकर घ्या. मी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, "भावाशी वाकडं आहे. आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. वाटतं म्हटलं तर ते खोटं होईल." ते म्हणाले, "मग थांबा थोडं." ते थोडं चार वर्षं लांबलं. ताट माझ्यापुढे आलं की मी ते बाजूच्या बाईकडे सरकवायची. सुरुवातीला लाज वाटली, मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर नंतर नंतर त्याचीही एक ऐट वाटायला लागली. बाकीचे भांडून येऊन भाकर खातात, मी निदान ढोंग करत नाही.

पण प्रार्थना मी सोडली नव्हती. आणि प्रश्न तिथंच होता. आमच्या वडिलांनी लहानपणी आमच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली होती. ते मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, माणूस मवाळ, पण जेवणाच्या वेळी कडक. मी आणि भाऊ भांडून पानावर बसलो की ते जेवणाची प्रार्थना करतच नसत. भाजी निवून जायची, वरणावर साय यायची. "मनात पाप धरून बसलेल्यांचं तो ऐकत नाही," असं म्हणून ते हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. भूक अनावर झाली की भाऊ म्हणायचा, "बरं, चुकलं माझं." नेहमी तोच म्हणायचा. चूक बहुतेक वेळा माझी असायची.

म्हातारपणी हा प्रश्न मला नव्यानं छळायला लागला. मुलाला नागपूरला नोकरी लागावी म्हणून मी प्रार्थना केली, लागली. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट व्हावं म्हणून केली, झालं. मग तो ऐकतो की नाही? की ते सगळं तसंही होणारच होतं आणि माझे शब्द छताला लागून खाली पडत होते? एका रविवारी पाळकसाहेबांनी त्या जन्मांधाची गोष्ट घेतली, जो बरा झाल्यावर मोठमोठ्या धर्मपुढाऱ्यांना तोंडावर सांगतो की देव पापी माणसांचं ऐकत नसतो. उपासना संपल्यावर मी त्यांना दारात गाठलं.

"हे कोण म्हणतंय? तो आंधळाच ना? देव स्वतः तर म्हणत नाही."

ते हसले. "तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं. पण स्तोत्रातही तसंच आहे. पापी माणसाची एक प्रार्थना तो नक्की ऐकतो, पश्चात्तापाची."

"आणि बाकीच्या? त्या कुठं जातात?"

"पाऊस तर तो चांगल्यावाईट सगळ्यांच्याच शेतावर पाडतो, बाई."

"पाऊस मागून पडत नाही," मी म्हटलं. "मी मागितलेल्याचं विचारते."

त्यावर ते बराच वेळ बोलले, मला त्यातलं थोडंच पटलं. पण घरी येताना एक गोष्ट मनाला लागून राहिली. समजा माझं नाही ऐकलं, तर माझं काय बिघडलं? माझं गुडघेदुखीचं मागणं नाही ऐकलं तर गुडघे माझेच दुखतील. पण मी दुसऱ्यासाठी मागितलं, आणि माझ्या मनातल्या घाणीपायी त्याचं अडलं तर?

हाच विचार त्या शनिवारी सकाळपासून मागे लागला होता. पोरगी मरणाच्या दारात. सहापासून घराघरांतून एकेक जण तिच्यासाठी बसतोय. आणि मधे मी. मला अजूनही वाईट वाटत नव्हतं, निदान ज्याला पश्चात्ताप म्हणतात तसं नाही. गोळ्या लपवायला मी सांगितलं होतं का, असंच मनात येत होतं. भीती मात्र खूप वाटत होती. पाळकीणबाईंना फोन करून माझं नाव काढा म्हणावं, तर अख्ख्या मंडळीत बोभाटा. बरं, नुसतंच बसून राहावं, प्रार्थना न करता, तर ती साखळी तुटली. करावी, तर ती नासवली. नासक्या दुधाचा एक थेंब पातेलंभर दुधाचं काय करतो ते मला माहीत होतं.

पावणेतीनला माझ्या आधीच्या बाईचा मिस कॉल यायला पंधरा मिनिटं होती आणि मी चप्पल पायात घालून मागच्या वावराकडे निघाले.

मी वर्ध्याला, नालवाडीच्या टोकाला राहते. माझ्या मागच्या भिंतीला लागून एका कुटुंबाचं भाजीचं वावर आहे, मेथी, पालक, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर. त्या घरची सून माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असेल. रोज दुपारी ती मांडवाखाली बसून संध्याकाळच्या बाजाराच्या जुड्या बांधते. आमच्या देवाशी तिचा काही संबंध नाही, तिच्या घरात तिचे देव आहेत. पण माझ्या मनात तेव्हा एवढंच होतं की हिच्या मनात माझ्या भावाबद्दल काही नाही. ही कोरी आहे.

"काय झालं सिस्टर? एवढ्या उन्हाच्या काऊन आल्या?"

"माह्या जागी अर्धा तास बसतं काय?"

"कुठी?"

"देवापुढं. आमच्या."

ती हसायलाच लागली. मग माझं तोंड पाहून थांबली. मी तिला सगळं सांगितलं, भाची, साखळी, कागद. लग्न मोडल्याचं तिला आधीच माहीत होतं. तिनं सुतळी दातात धरून गाठ मारली आणि म्हणाली, "मंग तुम्हीच करा ना. तुमची भाची हाये."

"माह्यं नाई ऐकणार तो."

"काऊन?"

"माह्यं चुकलं असं मले वाटत नाई म्हणून."

"घ्या! माह्यं न सासूचं रोज भांडन होते. म्हनून का देवाचा दिवा लावाचा सोडून देऊ काय?" ती म्हणाली. पण माझ्या हातातला फोन वाजून बंद झाला, तीन वाजले होते, आणि मी तशीच उभी होते. तिनं मेथी बाजूला ठेवली. "काय म्हना लागते?"

"जे तुले वाटते ते."

तिनं ओले हात लुगड्याला पुसले, जोडले, आणि डोळे उघडेच ठेवून मांडवाच्या वर कुठंतरी बघत बोलायला लागली, घरच्या माणसाशी बोलावं तसं. "हे पाह्य बाप्पा, मले तुह्यं काई मालूम नाई. हे सिस्टर लय आडमुठी हाये, थे तुले मालूमच असन. पन पोरगी तिची नाई, भावाची हाये. हिचा राग तिच्यावर काढू नको. बस." मग माझ्याकडे वळून, "झालं काय?"

"अर्धा तास बसा लागते."

"जुड्या बांधत बसू काय? त्याले चालन?"

"चालन," मी म्हटलं. मला दुसरं काय ठाऊक होतं?

मग आम्ही दोघी बसलो. तिनं मधे मधे "पोरीले बरं कर बाप्पा" असं म्हणावं आणि जुडी ओल्या पोत्याखाली सरकवावी. मीही हाताला चाळा म्हणून मेथी निवडायला घेतली. हिचा राग तिच्यावर काढू नको. हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी चार वर्षं विचार करत होते की देव माझं ऐकतो का. आणि ही बाई एका दमात म्हणून गेली की इथं मागणारी मी नाहीच, पोरगी आहे. मला वाटतं, मला थोडा रागही आला. आडमुठी म्हणाली त्याचा.

साडेतीनला मी फोन काढला. भावाचा नंबर मोबाइलमध्ये नव्हता, पण पाठ होता. एक रिंग होऊ दिली आणि कट केला. सुटले असं वाटतं न वाटतं तोच फोन वाजला. त्याचाच. उलटून फोन करायचा नाही हा साखळीचा नियम त्याला माझ्याइतकाच माहीत होता.

"ताई," तो म्हणाला. मागून लाऊडस्पीकरचा आवाज येत होता. तो आर्वीच्या डेपोत होता, पोरीची जुनी फाइल घ्यायला घरी गेला होता आणि आता परत वर्ध्याच्या गाडीची वाट पाहत होता. दवाखान्यात तिची आई एकटी होती. "तू केली काय प्रार्थना?"

खोटं बोलता आलं असतं. पण खरं बोलण्याची खोड. "नाई."

"मंग कोनं केली?"

"शेजारनीनं."

"मेथीवालीनं?"

"हो."

मला वाटलं आता शिव्या देईल. पण तो म्हणाला, "मले बी नाई जमून राह्यलं ताई. सकायपासून पाहून राह्यलो. डोळे मिटले का तूच समोर दिसतं. पहिले तुले माफ करा लागते, मंगच पोरीसाठी मागता येते. थे होऊन नाई राह्यलं माह्याच्यानं. बाबा म्हनत होते ना, मनात धरून बसलेल्याचं ऐकत नाई म्हनून. मंग मी काय मागू तिच्यासाठी? बाप हावो मी, अन् मलेच मागता येऊन नाई राह्यलं."

मी मांडवाच्या बाहेर येऊन उन्हात उभी राहिले. त्याला काय हवं होतं ते मला कळत होतं. बरं, चुकलं माझं, एवढं. लहानपणी तो शंभरदा म्हणाला होता, भाजी निवत चालली म्हणून. मी एकदा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण वाटत नसताना म्हणायचं, तेही पोरीच्या जिवावर, तेही देवाच्या समोर, ते माझ्यानं होईना. तिकडे लाऊडस्पीकरवर पुलगावची गाडी लागल्याचं सांगत होते. मी जे खरं होतं तेवढं शोधत राहिले.

"मी खोटं नाई सांगतलं," मी म्हटलं. "पन खरं कयावं म्हणून बी नाई सांगतलं. तुले लागावं म्हणून सांगतलं. तू मले विचारलं नाई म्हणून."

हे मी पहिल्यांदाच बोलत होते. मनाशीसुद्धा बोलले नव्हते. बोलून झाल्यावर मी वांग्याच्या वाफ्याच्या कडेला खालीच बसले.

मग तो म्हणाला, "ठेवतो. गाडी लागली." आणि फोन बंद झाला. त्यानं नंतर प्रार्थना केली की नाही, चारला पुढच्या घराला मिस कॉल दिला की नाही, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

संध्याकाळी साडेसहाला पाळकीणबाईंचा फोन आला. पोरगी शुद्धीवर आली होती. दोनच्या सुमारासच तिनं डोळे उघडले होते. आईला आत बोलावलं, ती पोरीचा हात धरून बसली ती उठलीच नाही, तिचा मोबाइल बाहेर पिशवीत वाजत राहिला. म्हणून सगळ्यांना उशिरा कळलं. पोरगी बोलली होती, पाणी मागितलं होतं, उजवा हात अजून थरथरत होता, पण डॉक्टर म्हणाले धोका टळला. पाळकीणबाई रडत होत्या. दोन ते अडीचचा अर्धा तास आमच्या मंडळीतल्या एका बहिऱ्या आजीबाईंचा होता, आणि माझ्या वेळेत झालं, माझ्या वेळेत झालं असं त्या आतापर्यंत निम्म्या गावाला सांगून बसल्या होत्या.

मी खुर्चीत बसले आणि डोळ्यांतून पाणी आलं, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं सांगता येईल. पाणी पुसायच्या आत माझ्या मनात आलं, दोनला? म्हणजे साडेतीनला मी भावाला जे बोलले ते फुकटच गेलं. पोरगी तर आधीच उठली होती. हे अडीचला कळलं असतं तर मी त्याला नुसता मिस कॉल दिला असता आणि गप्प बसले असते. ते वाक्य माझ्या तोंडून आयुष्यात कधी बाहेर आलं नसतं.

असं मी माणूस आहे. देवानं माझ्या पश्चात्तापाची वाट पाहिली नाही, भावाच्या क्षमेचीही नाही. आम्ही दोघंही आपापल्या जागी मनात विष धरून बसलेलो असताना त्यानं पोरीला डोळे उघडायला लावले. हा चांगुलपणा आहे हे मला कळतं. पण मला त्याची भीतीही वाटली. तो असाच देत असेल, तर माझी चार वर्षांची अडून बसलेली ऐट त्याच्यासाठी काहीच नव्हती. त्या ऐटीनं फक्त माणसं अडली होती.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. पोरीला वॉर्डात आणलं होतं. मला पाहून वहिनी उठली आणि पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेली. बाटली भरलेली होती. मी कॉटजवळच्या स्टुलावर बसले. पोरगी सुकून गेली होती, पण डोळे स्वच्छ होते. ती सव्वीस वर्षांची आहे. मी तिच्याकडे नीट बघितलंच मुळी किती दिवसांनी.

"आत्या," ती म्हणाली, "त्या नव्या पाहुन्याइले मीच सांगतलं. काल. आईच्या फोनवरून."

"काय म्हनले?"

"येत नाई म्हने आता." ती थोडी हसली. "तू सांगतलं होतं थेच सांगतलं. पन मी सांगतलं म्हनून तेवढं वाईट नाई वाटलं."

नर्सच्या सवयीनं मी तिची नाडी बघायला हात धरला. तो थरथरत होता.

"तू तवा पहिले मले विचारलं असतं ना आत्या," ती म्हणाली, "त मी हो म्हनलं असतं. सांगून देजो म्हनलं असतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. चार वर्षं मी भावाशी भांडत होते, देवाशी वाद घालत होते, खरं की खोटं, माझं की त्याचं. साडेतीनला उन्हात उभं राहून मी जे कबूल केलं तेही भावाला. मला लागलं तसं त्याला लागावं, एवढाच माझा हिशेब. जिच्या अंगातली गोष्ट मी चौकात उभं राहून चहाबरोबर सांगून टाकली, तिला विचारायचं असतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं त्यानंतर गोळ्या लपवल्या. मी नाही सांगितलं लपवायला, हे खरं आहे. माझी सगळी वाक्यं खरीच असतात.

वहिनी परत आली. मी उठले. "येजो आत्या," पोरगी म्हणाली. मी मान हलवली आणि निघाले. बसमध्ये मी सगळ्यांसमोर रडले. बाजूच्या बाईनं विचारलं, "कोनी गेलं काय?" मी नाही म्हटलं.

त्यानंतर पाचव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, मी ओट्याजवळ मेथी निवडत होते. शेजारणीनं दिलेली. फोन एकदा वाजला आणि कट झाला. पाहिलं तर भावाचा नंबर. मी हात पुसून फोन घेतला, उलटून लावणार, आणि मग थांबले.

एक रिंग, आणि कट. माझं झालं, आता तुमची वेळ. साडेतीन ते चारचा त्याचा अर्धा तास कधी झाला, त्या दिवशी डेपोत की आता आठ दिवसांनी घरी, कोण जाणे. कदाचित चुकून बोट लागलं असेल. पण मी फोन केला नाही. साखळीत उलटून फोन करत नाहीत.

मेथी तशीच ठेवली. गुडघे टेकता येत नाहीत म्हणून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. पहिली गोष्ट जी तोंडात आली ती चांगली नव्हती. फुकट गेलं असं मला वाटलं होतं, ते सांगितलं. मग पोरीचं नाव घेतलं, आणि तिला मी विचारलं नाही हे सांगितलं. त्यानंतर मागायचं असं काही सुचलं नाही. अर्धा तास संपला तेव्हा मी फोन हातात घेतला, आणि पहिल्यांदाच मला कळेना की पुढचा मिस कॉल कुणाला द्यायचा. मग भाचीचा नंबर लावला, आणि कट केला नाही.